ओली गोवरी

पुरुषाच्या वहाणा, जाड कातड्याच्या. त्यांना करंजीचं तेल लागलेलं असतं, पण तळव्यांना धूळ नसते.

पांझरा नदीच्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, पिकली आहेत. वास रस्त्यापर्यंत येतो.

धुळ्याच्या पेठेत एका दारावर लिंबू टांगलेलं. आत एक बाई पदराने डोळे पुसत पोळ्या लाटते.

न्याहळोदात एका म्हातारीला चाळीसगावच्या गाडीची शिट्टी ऐकू येते. इतक्या लांबून ती दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही.

पाण्याच्या रांजणाखाली एक गोवरी. रांजण पाझरतो.

*धूर तोंडावर येतो*

झुंबरबाई जमिनीला गाल टेकून चुलीच्या तोंडात बघत होती. मागे पानबाई उभी होती. पेठेतल्या पुखराजची ही बायको. पुखराजचं कापडाचं दुकान होतं आणि हे घर त्याने नव्यानेच भाड्याने घेतलं होतं. आल्या दिवसापासून चूल धुमसत होती. शेजारणी म्हणाल्या, आधीची बाई याच स्वयंपाकघरात गेली, तिचं काहीतरी राहिलंय. मग दारावर लिंबू टांगलं. नंतर कोणीतरी अंगारा आणला. धूर होता तसाच. शेवटी दुकानात लुगडी घ्यायला आलेल्या न्याहळोदच्या बायकांनी झुंबरबाईचं नाव सांगितलं.

झुंबरबाईने आधी लाकूड बघितलं. बाभूळ चांगली वाळलेली होती, टोकांना फेस येत नव्हता. मग तिने तवा चुलीवर ठेवून तीन उंचवट्यांवर तो कसा बसतो ते बघितलं. खालून बोटभर फट होती, म्हणजे जाळाला वर यायला जागा होती. मागचं दार उघडून तिने पदराचं टोक वाऱ्यावर धरलं. चूल दाराच्या समोर घातलेली होती, ती चूकच होती. पण त्यामुळे एवढा धूर होणार नव्हता. मग तिने चुलीच्या तोंडात हात घातला. हात कोपरापर्यंत राखेत गेला.

“राख कव्हय काढेल व्हती?”

पानबाईने आतल्या खोलीकडे एकदा बघून हळूच सांगितलं की राख काढलीच नाही. सासूबाई म्हणाल्या होत्या, नव्या घरातली राख पहिला सण होईपर्यंत घराबाहेर जाऊ द्यायची नाही. लक्ष्मी जाते.

झुंबरबाईने हात झटकला. सासूबाई चुकल्या असं ती म्हणाली नाही. तिने एक रिकामं मडकं मागितलं.

“बाहेर नका काढू. मडकामा भरी ठेवा, कोपरामा राहू द्या. घरमाच राही ना मंग.”

मडकं भरलं, मग दुसरं भरलं. चुलीचा तळ दिसला तेव्हा तिने आत दोन काड्या आडव्या ठेवल्या आणि त्यांच्यावर लाकडं टेकवली, खालून वारा जावा म्हणून. जाळ धरला. धूर वर गेला आणि छपराच्या कौलांतून निघाला.

पानबाई बराच वेळ जाळाकडे बघत राहिली. तिचे डोळे लाल होते, पण आता ती ते पुसत नव्हती.

“म्हणजे घरात दुसरं काही नाही?”

“घरमा राख शे, बाई. दुसरं काय नही.”

तरी ही चूल काढून भिंतीच्या कडेला नवी घालायला हवी, असं झुंबरबाईने सांगितलं. माती कोणती आणायची, त्यात किती भुसा आणि किती घोड्याची लीद कालवायची, तेही सांगितलं. पानबाई तिच्या कपाळाकडे आणि हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघून म्हणाली, तुम्हीच या. नवी चूल सवाष्णीच्या हातानेच घातली पाहिजे, सासूबाईंचं त्याबाबतीत फार असतं. दिवस ठरला, आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्यतृतीया झाल्यावरचा.

झुंबरबाई निघताना पानबाईने सहज विचारलं, मालक काय करतात.

झुंबरबाई डोक्यावर पदर घेत होती. “बाहेरगाव गयेल शेतस,” ती म्हणाली.

*पेटत नाही*

झुंबरबाईचा नवरा वना मानमोडीच्या तापाच्या वर्षी गेला. ठेकेदाराच्या टोळीबरोबर रेल्वेचा रूळ टाकायला गेला तो, चाळीसगावच्या गाडीत बसून, आणि त्याच पावसाळ्यात साथ आली. टोळीतला हिलाल तेवढा परत आला. तो सांगे, वनाला ताप होता, एका ठेसनात तो पाणी प्यायला उतरला आणि गाडी सुटली. कधी सांगे, वना स्वतःच म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. ठेसनाचं नाव त्याला आठवत नव्हतं. पुढे पुढे लोकांनी विचारायचं सोडलं, कारण विचारलं की हिलाल जेवायचा थांबे.

गावात अशा माणसांचं काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. साथीत घराघरात माणसं गेली होती, पण ती डोळ्यांदेखत गेली होती. वनाची आई भिकुबाई हिने मग स्वतःच ठरवलं. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर पुरणपोळीचा, तुपाचा घास टाकतात. ती आगारी. आगारीचा जाळ झाला, की पितर जेवला. भिकुबाई म्हणाली, वनाच्या नावाची घागर भरायची नाही, पण घास टाकून बघायचा. धडधडून पेटला तर तो तिकडचा. धूर निघाला तर तो कुठेतरी आहे, अजून आपली भाकर खातो आहे. भाऊकीतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. कोणालाच दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिल्या वर्षी झुंबरबाईने काहीच केलं नाही. आगारीसाठी जी गोवरी हाताला लागली ती रांजणाजवळची होती, तिला ओल लागली होती. घास टाकला आणि घरभर धूर झाला. सगळे खोकत बाहेर आले, आणि म्हातारी खोकता खोकता हसत होती. तिने गल्लीत गूळ वाटला.

दुसऱ्या वर्षी झुंबरबाईने गोवरी रांजणाखाली ठेवली.

तिसऱ्या वर्षीही ठेवली.

कपाळाचं कुंकू राहावं म्हणून ठेवली, हे खरं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. न्याहळोदात आणि आजूबाजूला नवी चूल घालायची तर झुंबरबाईला बोलावणं येई. लग्नाच्या मांडवातली चूल, वेगळ्या निघालेल्या सुनेची चूल, नव्या घरातली चूल. त्या चुलीला सवाष्णीचाच हात लागला पाहिजे असा रिवाज होता. विधवेला मोडकी चूल लिंपता येई, नवी घालता येत नसे. चूल घालताना झुंबरबाई कोणाशी बोलत नसे. मातीत अंगठे रुतवून ती आतून पोकळी फिरवत आणे आणि चूल तिच्या दोन तळव्यांमध्ये उभी राही. दिवसभरात तेवढा वेळ ती कोणाची वाट बघत नसे.

*वैल तापत नाही*

वैल म्हणजे चुलीच्या शेजारचं लहान तोंड. चुलीचा उरलेला जाळ आतल्या वाटेने त्याच्याखाली जातो, आणि त्यावर डाळ शिजते, दूध तापतं. ही वाट राखेने बुजली की वैल थंड पडतो. शेजारच्या धुरपदाबाईचा वैल नेहमी बुजे, कारण धुरपदाबाई चुलीपेक्षा दारात जास्त असे.

त्या सकाळी झुंबरबाई काडीने तिच्या वैलाची वाट मोकळी करत होती. धुरपदाबाईच्या मुलीचं लग्न आखाजीनंतर होतं आणि मांडवातली चूल झुंबरबाईनेच घालायची होती. दारातून धुरपदाबाई मांडवाच्या डहाळ्यांबद्दल, व्याह्यांच्या रुसव्यांबद्दल सांगत होती. सांगता सांगता म्हणाली,

“गावभरना चुल्हा पेटाडस व माय तू. आपला घरना तेवढा घास पेटत नही.”

“त्या जित्ता शेतस म्हनीसन पेटत नही.”

“मी कोठे नही म्हनस?” धुरपदाबाई म्हणाली. “तो जित्ताच राहो. मना मांडवले चुल्हा पाहिजे.”

दोघी हसल्या. काडीबरोबर राख भसकन बाहेर आली.

*तक्रार नाही*

महिन्यातून एकदा झुंबरबाई वनाच्या वहाणांना तेल लावी. ऊन लागून कातडं तडकू नये म्हणून.

*म्हातारी खात नाही*

आखाजीच्या आधी भिकुबाईने खाणं सोडलं. रागाने किंवा दुखण्याने सोडलं, असं दिसत नव्हतं. भाकर दुधात कुस्करून पुढे ठेवली की ती बोटांनी चाचपून बघे आणि ताटली बाजूला सारे. तिचे डोळे कधीचेच गेले होते. जन्मभराच्या धुराने ते पांढरे झाले होते आणि त्या अंधारात ती दाराकडे तोंड करून बसे.

धाकटा लोटन, वनाचा भाऊ, आईला बोलतं करायचा. तो म्हणाला, माय, मांडे खाशील का, वयनी खापरावर मांडे करतील. म्हातारी म्हणाली, वनाच्या तोंडात गेल्यावर. लोटन शेतावर निघून गेला.

झुंबरबाई दुपारी पुरणाची डाळ निवडत होती. तिने ताटली पुन्हा पुढे सरकवली.

“दोन घास खाई ल्या, आत्याबाई.”

“वनानी खादं का?”

झुंबरबाईने डाळीतला एक खडा बाजूला ठेवला.

“जित्ता व्हई तं कोनीबी भाकर दी त्याले,” भिकुबाई म्हणाली. “मरेल व्हई तं मनाशिवाय कोन दी?”

बाहेर गल्लीत पोरी झोक्यावर गौराईची गाणी म्हणत होत्या. माहेरी आलेल्या लेकींचे आवाज त्यात ओळखू येत होते. म्हातारी थोडा वेळ ते ऐकत बसली. मग तिने ज्या सुरात पाणी मागितलं असतं त्याच सुरात सांगितलं,

“यंदा गोवरी कोरडी लाव.”

झुंबरबाईचा हात सुपात थांबला.

“दरसाल ओली गोवरीना वास येस मले. डोया गयात, नाक नही गयं.”

झुंबरबाई म्हणाली, “तुम्ही कधी बोलनात नही.”

“काब्रं बोलू? धूर निंघे तव्हय मना पोऱ्या बी जित्ता राहे.” भिकुबाईने हात पुढे करून चाचपडत तिचं मनगट धरलं. बांगड्या तिच्या बोटांखाली आल्या. त्या तिने सोडल्या नाहीत. “आते मी चालनी व माय. एकदाव मना हातना घास खाऊ दे त्याले.”

झुंबरबाईला म्हणायचं होतं, धुरपदाबाईचा मांडव होऊ द्या. तिला म्हणायचं होतं, पेठेतल्या बाईला शब्द दिला आहे. पुढच्या आखाजीला, म्हणायचं होतं. पण धरलेल्या मनगटावरून कळत होतं, त्या बोटांमध्ये वजन उरलेलं नव्हतं.

तिने सूप उचललं आणि डाळ पाण्यात घातली.

*आखाजी*

सकाळीच तिने कुंभाराकडून घागरी आणल्या. दरवर्षीपेक्षा एक जास्त. ती तिने ओसरीबाहेर पालथी घालून ठेवली.

मग चुलीतली राख काढली. कोपऱ्यातली, मागची, वैलाच्या वाटेतली, सगळी. रांजणाखालची गोवरी तिने बाहेर काढून परसात उन्हात टाकली. गोवऱ्या रचलेल्या उडव्याच्या वरच्या थरातली एक गोवरी घेऊन मोडली. कडक् आवाज झाला. खाटेवरच्या म्हातारीने तो आवाज ऐकला आणि मान जरा वळवली.

कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून तिने मांडे केले. हातावर झुलवता झुलवता पोळी मोठी होत गेली आणि पालथ्या खापरावर पडली. आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या. घरातल्या जुन्या पितरांच्या घागरीत पाणी भरून तिच्यावर डांगर ठेवलं. लोटनने उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढली आणि आजा-पणज्यांची नावं घेतली. त्यांची आगारी नेहमीसारखी पेटली. मग तो वनासाठी घास हातात घेऊन चुलीपुढे बसला.

“मी टाकस,” खाटेवरून भिकुबाई म्हणाली.

आगारी घरातल्या पुरुषाने टाकायची असते. लोटनने झुंबरबाईकडे बघितलं, तिने काही खूण केली नाही. मग त्याने आईला उचलून आणलं. तिला उचलायला त्याला एकच हात पुरला असता. चुलीपुढे बसवून त्याने तिच्या ओंजळीत घास ठेवला. तिने तो नाकाशी नेला. पुरण, तूप, वेलदोडा. मग तिने हात लांबवला, आणि झुंबरबाईने तिचा हात निखाऱ्यांच्या वर नेऊन थांबवला.

घास पडला.

पऱ्हाट्यांचा निखारा लवकर झाकोळतो. आजा-पणज्यांची नावं घेईपर्यंत त्याच्यावर पांढरी साय धरली होती. कोरड्या गोवरीची एक कड लाल झाली आणि थांबली. तूप सुरसुरलं. धुराची एक काडी वर आली, मग दुसरी.

दारात उभ्या असलेल्या धुरपदाबाईने श्वास सोडला. लोटन मांडीवर हात टेकून उठायला लागला. “जित्ता शे भाऊ,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज दरवर्षीसारखाच हलका झाला.

भिकुबाई तोंड किंचित पुढे करून बसली होती, जशी एखादी बाई दुसऱ्या खोलीतलं मूल उठलं का ते ऐकते.

झुंबरबाईला माहीत होतं. काही न करता बसलं, तर हा धूर आणखी थोडा वेळ येईल आणि घास काळा होऊन विझेल. गोवरी कोरडी होती. म्हातारीचा शब्द तिने पाळला होता. पुढचं निखाऱ्यावर होतं.

चुलीमागच्या भानोशीवर फुंकणी होती. तिने ती घेतली, वाकली, आणि घासाच्या खाली, बरोबर जिथून वारा शिरतो तिथे, एकदा फुंकलं.

जाळ चुलीच्या तोंडातून बाहेर आला. म्हातारीच्या तोंडावर त्याची ऊब लागली. तिने डोळे मिटले, त्या डोळ्यांना मिटायचं कारण नसताना.

“खादं,” ती म्हणाली.

लोटन उभ्याचा खाली बसला.

झुंबरबाई उठली, बाहेर जाऊन पालथी घागर सुलटी केली, विहिरीवरून भरून आणली आणि जुन्या पितरांच्या घागरीच्या शेजारी मांडली. धुरपदाबाई तिच्या मागोमाग परसात गेली. बांगड्या फोडायला तिने दगड उचलला होता. झुंबरबाईने तो तिच्या हातून काढून घेतला. मातीत काम करून तिची बोटं जाड झाली होती, बांगड्या काही केल्या निघत नव्हत्या. मग तिने वहाणांची तेलाची कुपी आणली, मनगटाला तेल लावलं आणि एकेक बांगडी उतरवली.

संध्याकाळी भिकुबाईने अर्धा मांडा खाल्ला. आमरस मागून घेतला. आखाजीची पाहुणी माणसं अजून गावात होती, तेव्हाच ती गेली.

*चूल तडकली*

धुरपदाबाईच्या मांडवातली चूल ताईबाईने घातली. ताईबाई हसरी होती आणि तिला पाच लेकरं होती. चूल नीट वाळायच्या आधी पेटवली, म्हणून ती तडकली, आणि वैलाला वाट ठेवायची राहूनच गेली होती. वऱ्हाड जेवायला बसायच्या आत धुरपदाबाई मागच्या दाराने झुंबरबाईकडे आली. ती दारात उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिला काय बोलावं ते सुचेना.

“डागडुजीले चालस ना?” झुंबरबाईने विचारलं.

“चालस व माय.”

तिने राख आणि माती पाण्यात कालवली, फटीत बोटाने दाबून भरली, काडीने वैलाची वाट फोडली. मांडवात कोणी बघत नव्हतं. वनाने मागे ठेवलेल्या वहाणा त्या दिवशी लोटनच्या पायात होत्या. त्याला त्या जरा मोठ्या होत होत्या.

*धूर तोंडावर येतो*

ठरल्या दिवशी ती पेठेत गेली. न जाताही चाललं असतं, पण माती भिजत पडली असेल आणि फार दिवस भिजली तर तिला वास येतो.

पानबाईने दार उघडलं. हसायला लागली आणि थांबली. कपाळ बघितलं, हात बघितले. आतल्या खोलीत सासूबाईंची माळ चालली होती.

झुंबरबाई उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. तिने सांगितलं की मी आत येत नाही, एवढंच सांगायला आले, दुसऱ्या कोणा सवाष्णीला बोलवा, पण माती आज वापरा. तिने ठरवून आणलेलं सगळं बोलून झालं. ती वळली.

“बसा,” पानबाई म्हणाली. तिने उंबऱ्याजवळ पाट ठेवला. मग पदर खोचला, हातातलं सोन्याचं कडं काढून फडताळात ठेवलं आणि मातीच्या गोळ्यापुढे मांडी घालून बसली. “तुम्ही सांगा. मी घालते.”

झुंबरबाई पाटावर बसली. हात मांडीवर ठेवले. पानबाईने माती ओढून घेतली. कधी न केल्यासारखीच ती कालवत होती, मधेच थांबत होती, मधेच नको तिथे दाबत होती. झुंबरबाईची बोटं मांडीवर ठेवल्या ठेवल्या हलत होती.

“आता?” पानबाईने विचारलं.

“आते अंगठा मधमा रुतवा. भिंत पातय नका करू.”

“अशी?”

“अशीच. चुल्हानं तोंड दारकडे नको. आथं फिरवा.”

पानबाईने फिरवलं. एका बाजूला भिंत बसली, ती तिने पुन्हा उभी केली. तिच्या गालाला माती लागली होती.

झुंबरबाईला चूल घालायला भिकुबाईने शिकवलं. लग्नानंतरचा तो पहिला उन्हाळा होता. वना माती तुडवत होता, आणि भिकुबाई उंबऱ्याजवळ हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण तिचा नवरा आदल्या वर्षी वारला होता.